पाचेचं पान आणि मुहपत्ती

माझं तोंड फटकळ आहे. हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे आणि बोरी बुद्रुकमध्ये तर जाहीरच आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझे वडील आळेफाट्याच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगायचे आणि गिऱ्हाइकं माना डोलवायची. मला राग लवकर येतो, मनातलं मनात राहत नाही, आणि बोलायला माणूस नसलं की मी भांड्याकुंड्यांशी भांडते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या तोंडाचा वाटा मोठा आहे. आणि ज्या दोन बायकांनी ते निस्तरलं, त्यांचे उपकार आठवले की अजूनही मला दोन मिनिटं गप्प बसावंसं वाटतं. माझ्या बाबतीत ते काही थोडं नाही.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून, पुण्यात दोन वर्षं टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत काम करून मी बोरीला परत आले होते. आमची कांद्याची एक जुनी वखार रिकामी पडली होती. तिच्या अर्ध्या भागात फरशी घातली, भिंतींना ऑइलपेंट दिला, दोन एसी बसवले, गाळलेल्या हवेचा झोत सोडणारं एक काचेचं कपाट आणलं आणि दारावर पाटी लावली. काम केळीच्या रोपांचं. झाडाचा एखादा डोळा घ्यायचा, जंतू मारून स्वच्छ करायचा, बाटलीतल्या खिरीवर ठेवायचा. ही खीर म्हणजे साखर, क्षार, वाढीची औषधं आणि घट्ट होण्यासाठी आगर. सगळं नीट जमलं तर एका डोळ्याची शंभर रोपं होतात. नीट जमलं नाही तर तीच साखर बुरशी खाते आणि चार दिवसांत बाटलीत कापूस उगवतो. गावातले लोक वखारीला ‘बाटलीतली केळी’ म्हणायचे. मी चिडायचे, म्हणून जास्तच म्हणायचे.

माझ्या हाताखाली कुंडलिक होता. पन्नाशीचा माणूस, बाटल्या धुण्यात पटाईत, आणि तालुक्यातल्या प्रत्येक लग्नाची खबर असलेला. ताजबी खालांना माझ्याकडे आणलं ते त्यानेच.

ताजबी म्हणजे जुन्नरच्या महंमद हनीफ यांच्या बायको. हनीफचाचा फुलांचे सेहरे आणि दर्ग्यावर चढवायच्या फुलांच्या चादरी करायचे. जुन्नरात सेहरे करणारे इतरही होते, पण हनीफचाचांचा सेहरा डोळे मिटून ओळखता यायचा. फुलांच्या ओळींमध्ये ते पाचेच्या पानांची एक ओळ गुंफायचे. पाच म्हणजे आकड्यातली नव्हे, बायका वेणीत घालतात ती सुवासिक पानांची पाच. नवरदेवाचा घोडा पुढे निघून गेला, बँड गेला, वऱ्हाड गेलं, तरी गल्लीत तो वास रेंगाळायचा. मातीचा, थोडा कापराचा, थोडा जुन्या लाकडाचा. ही पाच ताजबींच्या अंगणातली. त्या घोडेगावच्या. लग्न होऊन जुन्नरला आल्या तेव्हा त्यांच्या आईने ओल्या फडक्यात गुंडाळून दोन फांद्या दिल्या होत्या, त्यांचा हा वाढवलेला वाफा. आई गेली, घोडेगावचं घर विकलं गेलं, तिथली झाडं नव्या मालकाने उपटली. उरली ती जुन्नरची.

आणि जुन्नरची झाडं वर्षभरात एकामागून एक मेली. पानांवर पिवळे डाग यायचे, पानं आक्रसायची, झाड खुरटायचं. खालांनी फांद्या काढून नव्या मातीत लावल्या, पण रोग फांदीबरोबरच येत होता. नोव्हेंबरात त्या एसटीने आळेफाट्याला उतरल्या आणि तिथून कुंडलिकबरोबर बोरीला आल्या, मांडीवर डालड्याचा डबा घेऊन. डब्यात एक झाड होतं. शेवटचं.

मी पानं उलटून पाहिली आणि मला लगेच कळलं की हा विषाणू आहे. विषाणू झाडभर भिनतो, पण शेंड्याच्या अगदी टोकाशी, मोहरीएवढ्या कोवळ्या भागात तो बहुतेक वेळा पोहोचलेला नसतो. तेवढाच कण कापून बाटलीत वाढवला तर निरोगी झाड मिळू शकतं. हे मी त्यांना जरा तोऱ्यातच सांगितलं. वर्षभरात शंभर झाडं करून देते म्हणाले.

ताजबींनी डबा माझ्या हातात दिला, पण त्यांचा हात डब्यावरून निघेना.

“शंभर नगं, बेटी,” त्या म्हणाल्या. “एक दे. पर हेच दे. आईचंच.”

मी हो म्हणाले. किती सहज म्हणाले होते, ते आठवलं की आजही मला माझाच राग येतो.

झाडावर सगळे मिळून अडतीस डोळे आणि शेंडे होते. मी दोन दिवसांत त्यातले बावीस कापून लावले. चौथ्या दिवशी कुंडलिक तोंड पाडून आला. बावीसच्या बावीस बाटल्यांमध्ये पांढरा कापूस. मी औषधाचं प्रमाण वाढवलं आणि आणखी नऊ लावले. त्यातले काही औषधाने भाजून काळे पडले आणि राहिलेल्यांवर पुन्हा बुरशी आली. इकडे डब्यातलं झाड रोज सुकत होतं. सात डोळे उरले. केळीला असला त्रास कधी झाला नव्हता, कारण केळीचा कोंब मुठीएवढा, त्याची सालपटं काढत आत जाता येतं. इथे मोहरीएवढा कण, हात जरा थरथरला की गेला. मी चिमट्याला शिव्या घातल्या, बाटल्यांना घातल्या, वीज मंडळाला घातल्या, शेवटी त्या झाडालाही घातल्या.

हे सगळं ऐकून वखारीच्या दारात मोहनबाई येऊन उभी राहिली.

मोहनबाई माझ्या वडिलांची थोरली बहीण, माझी भुवा. एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली आणि भावाकडे राहिली. वखारीला लागून असलेल्या आमच्या बोरीच्या घरात तिचं राज्य होतं, आणि राज्याचे कायदे कडक. पाणी दुहेरी कपड्यातून गाळायचं, मग उकळायचं, मगच प्यायचं. सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही. आदल्या दिवशीचं शिळं अन्न घरात दिसता कामा नये. जे बाहेरून येईल ते आधी धुतलं जाईल, मग ती भाजी असो की पाहुण्याची पिशवी. रोज सकाळी ती सामायिकाला, म्हणजे आम्हां जैनांच्या ध्यानाला बसायची. तोंडावर मुहपत्ती, म्हणजे पांढऱ्या कापडाची पट्टी बांधायची, समोर रेतीचं घड्याळ उलटं करायची आणि अठ्ठेचाळीस मिनिटं हलायची नाही की बोलायची नाही. मी तिची चेष्टा करायचे. भुवा, तुझं स्वयंपाकघर माझ्या लॅबपेक्षा कडक आहे, म्हणायचे. चेष्टेत माणूस कधीकधी खरं बोलून जातं आणि त्याचं त्यालाच कळत नाही.

“कुनाशी बोलतीस?” तिने काचेतून विचारलं.

मी म्हणाले, कुणाशी नाही.

“मंग त्वांड कशापायी चालू हाय?” ती म्हणाली. “आमी त्वांड बांधतो ते हवेतल्या जीवाला आपला श्वास लागू नये म्हनून. हितं तुझाच श्वास त्या बाटलीत जातोय, अन् तू मंडळाला शिव्या देतीस.”

माझा मास्क माझ्या गळ्यात लोंबत होता. त्याने चष्म्यावर वाफ धरते म्हणून मी तो कापताना खाली ओढायचे. आणि कापताना सतत पुटपुटायचे, कधी झाडाशी, कधी स्वतःशी. केळीत ते खपून गेलं होतं. एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात शिकवलेली गोष्ट मला सातवी पास भुवाने सांगावी लागली. मला राग आला. मग राग उतरला आणि लाज वाटली, कारण ती बरोबर होती.

हिरवी फांदी कापणं भुवाला पटत नव्हतं. अष्टमी-चतुर्दशीला ती भाजीसुद्धा चिरत नाही. ती म्हणाली की चाकूला मी हात लावणार नाही, पण बाकीचं बघते. आणि तिने बाकीचं बघितलं. माझे कामाचे कपडे तिने उकळत्या पाण्यात काढले. केस बांधून वर फडकं घट्ट गुंडाळलं. बाटल्यांचं शेवटचं धुणं कुंडलिककडून काढून स्वतःकडे घेतलं, त्यावर तो दोन दिवस रुसला. मग तिने स्वतःची एक धुतलेली मुहपत्ती माझ्या तोंडावर बांधली. सुती आठ पदरी कापड, नाकाखालून घेतलेलं, चष्म्याला वाफ नाही. काचेच्या कपाटाबाहेर तिने रेतीचं घड्याळ उलटं केलं आणि दाराशी चटई टाकून बसली, कुणाला आत येऊ द्यायचं नाही म्हणून. वीज गेली तर काम थांबवायचं आणि पुढची रेती पुन्हा पहिल्यापासून, हा नियमही तिचाच.

आयुष्यात पहिल्यांदा मी अठ्ठेचाळीस मिनिटं गप्प बसले. सुरुवातीची दहा मिनिटं जीभ आतल्या आत वळवळत होती. मग हळूहळू हात शांत झाले. मला तो मोहरीएवढा शेंडा पहिल्यांदा नीट दिसला, दोन इवल्या पानांच्या मधला, पाण्याच्या थेंबासारखा चमकणारा. सातही डोळे त्या एका बैठकीत लावले. झाड संपलं. डब्यात फक्त मातीतली मुळं उरली.

चौथ्या दिवशी तीन बाटल्यांत बुरशी दिसली. चार स्वच्छ. दहाव्या दिवशी चारच. त्यातला एक कण वाढलाच नाही, पण तिघांनी दीड महिन्यात हिरवी डोकी वर काढली. मी वखारीतून पळत घरी गेले आणि भुवाला मिठी मारली. तिने आधी माझे हात धुवायला लावले.

पुढचं वर्ष वाढवण्यात गेलं. तीनाची तीस, तिसाची तीनशे. मग बाटलीतून ट्रेमध्ये, ट्रेमधून सावलीच्या जाळीखाली पिशव्यांमध्ये. नव्व्याण्णवच्या दिवाळीला झाडं गुडघ्याला लागत होती. पानं रुंद, मऊ, एक डाग नाही. ताजबी खाला अधूनमधून वखारीत फोन करून विचारायच्या आणि मी सांगायचे, आता झालंच, थोडं थांबा.

थांबायला सांगायचं कारण म्हणजे माझा धास्तावलेला स्वभाव. बाटलीत औषधांवर फार दिवस वाढलेलं झाड कधीकधी मूळ झाडापासून बदलतं, हे मी शिकले होते. दिसायला तेच, पण आतून वेगळं. खालांनी ‘हेच दे’ म्हटलं होतं, आणि मला ते कागदावर सिद्ध करून द्यायचं होतं. माझा वर्गमित्र पीयूष पुण्याला एका प्रयोगशाळेत वासाच्या तेलांची तपासणी करायचा. पानांचं तेल काढून तो एका यंत्रात सोडायचा. यंत्रात केसासारखी बारीक, लांबलचक नळी. तेलातले वेगवेगळे घटक तिच्यातून मागेपुढे बाहेर पडतात आणि कागदावर डोंगररांगेसारखी रेघ उमटते. प्रत्येक वासाची रांग वेगळी. पाचेच्या रांगेत शेवटाकडे एक उंच सुळका असतो, तिचा खरा वास तिथे असतो.

मी पहाटे पानं खुडली. भुवाच्या नियमाने उकळून गार केलेल्या पाण्यात तीनदा धुतली. ओल्या फडक्यात गुंडाळली, थर्मासमध्ये बर्फावर ठेवली आणि पहिल्या एसटीने पुण्याला नेऊन दिली. भुवा समाधानाने म्हणाली, “ताजं ते ताजं. शिळं काय कामाचं?” आम्हां दोघींना यात काही चूक दिसली नाही. आमच्या घरात कुणालाच दिसली नसती.

पंधरा दिवसांनी पीयूषचा फोन आला. तेल जवळजवळ निघालंच नाही म्हणाला, आणि निघालं त्यात उंच सुळक्याच्या जागी एक टेंगूळ आहे. मग म्हणाला की सिद्धी, तुझं झाड बहुतेक ते झाड राहिलेलं नाही.

मी फोन ठेवला आणि जाळीखाली जाऊन एक पान चुरगळलं. वास होता, पण हिरवा, गवतासारखा, कच्चा. सेहऱ्यातला तो वास नव्हता. तीनशे झाडं माझ्यासमोर डोलत होती आणि त्यातलं एकही ताजबींचं नव्हतं. मूळ झाडाचा शेवटचा डोळासुद्धा मीच कापला होता. एका बाईच्या आईची आठवण मी माझ्या हुशारीने संपवली होती. मला रडू आलं नाही, इतकी मी घाबरले होते.

त्यानंतर खालांचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी कुंडलिकला ‘ताई बाहेरगावी गेल्यात’ असं सांगायला लावलं. दुसऱ्या वेळी भुवा तिथेच बसली होती. कुंडलिक गेल्यावर ती म्हणाली, “चूक झाली तर माफी मागावी. त्याला पर्युषणातल्या क्षमेच्या दिवसाची वाट बघायची नसती. उद्याची पहिली गाडी पकड.”

मी पकडली. निघताना एक पिशवीतलं झाड घेतलं आणि ताजी पानं खुडून, धुऊन, ओल्या फडक्यात घेतली. काय झालं ते दाखवायला तरी काही हवं ना.

जुन्नरला हनीफचाचांच्या पुढच्या खोलीत शेवंतीचे ढीग होते, गुलाबांच्या पाट्या होत्या, आणि चाचा मान खाली घालून सुईत फुलं ओवत होते. ताजबी खालांनी मला पाणी दिलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. झाडं जगली, पण वास गेला. पुण्याच्या मशिनीत आलं नाही. फोनवर खोटं बोलायला लावलं तेही मीच. मला माफ करा.

खालांनी फडकं उलगडलं, एक पान घेतलं, बोटांत चुरगळलं आणि नाकाशी धरलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“कवा खुडली?”

आज सकाळी, मी म्हणाले.

“धुतली?”

तीन वेळा, उकळलेल्या पाण्यानं.

“अन् पुन्याला नेली तीबी अशीच?”

अशीच, बर्फात घालून.

ताजबी खाला हसायला लागल्या. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चाचांनीही सुई थांबवली.

“अगं, ही काय मेथीची जुडी हाय का?” त्या म्हणाल्या. “पाच ताजी आसती तवा मुकी आसती. तिला पानी न्हाई दावायचं. खुडायची, अंधाऱ्या खोलीत उलटी टांगायची, रोज हालवायची. चार दिसांनी खाली उतरवून गोनपाटाखाली दाबून ठिवायची. शिळी झाली की मंग बोलती ती. आमी सेहऱ्याला कंदी ताजी पाच लावली न्हाई.”

मग खालांचा आवाज एकदम उतरला.

“तू मशिनीला इचारलंस, बेटी. मला का न्हाई इचारलं?”

वर्षभर त्या फोन करत होत्या. एकदाही मला वाटलं नाही की चाळीस वर्षं जिने ही पानं हाताळली तिला काही विचारावं. पाचेचं तेल पानाच्या आत खोल असतं, पान सुकताना ते मोकळं होतं, हे पुस्तकात होतंच. मी ते पान वाचलं नव्हतं. केळीवाली बाई मी, मला रोपं करता येत होती, वास नाही.

पण वास परत येईल याची खात्री अजून कुणालाच नव्हती. खालांनीही ती दिली नाही. आत्ता नाकाला काही कळायचं नाही म्हणाल्या. ती पानं त्यांनी पुसून कोरडी केली, आतल्या खोलीत खुंटीला टांगली आणि मला आठ दिवसांनी यायला सांगितलं.

ते आठ दिवस मी कुणाशी भांडले नाही. कुंडलिकने माझ्या वडिलांना विचारलं की ताईंची तब्येत बरी आहे ना.

आठव्या दिवशी मी पुन्हा गेले. खालांना तोवर कळलेलं असणार, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, गोणपाट बाजूला केलं आणि म्हणाल्या, “तुझ्या नाकानं बघ.”

मला वाकावंसुद्धा लागलं नाही. माती, कापूर, जुनं लाकूड. घोडा पुढे गेल्यावर गल्लीत मागे राहायचा तोच वास. मी जमिनीवर बसले आणि मोठ्याने रडले, अगदी लहान पोरीसारखी. खालांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला तोच वास होता.

एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. मी थांबले नाही. रडून झाल्यावर मी नाक पुसलं आणि म्हणाले की पण खाला, माझं नाक काय, तुमचं नाक काय, आशेनेही फसू शकतं. मला खात्री करायला मूळ झाडाचं थोडं तरी पान हवं होतं, आणि ते आता कुठून येणार. हनीफचाचा म्हणाले, पोरगी लई चिवट हाय. खाला उठल्या आणि पत्र्याची ट्रंक उघडली. कपड्यांच्या तळातून मलमलची एक लहान पुरचुंडी काढली. त्यांच्या आईने जाण्याआधीच्या वर्षी घोडेगावच्या झाडाची पानं सुकवून, शिवून दिलेली. कपड्यांत ठेवायला.

मी मागे सरले. यंत्रासाठी पानांचं तेल काढावं लागतं, पानं परत मिळत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. खालांनी दातांनी टाका तोडला आणि पुरचुंडीतली सगळी पानं माझ्या रुमालात ओतली.

“आईनं जपाया न्हाई दिली,” त्या म्हणाल्या. “वापराया दिली. घेऊन जा.”

पीयूषने दोन्ही नमुने एकाच दिवशी लावले, घोडेगावचा आणि खालांनी सुकवलेला बोरीचा. माझ्या सांगण्यावरून त्याने दोन्ही रेघा पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदावर उतरवून दिल्या आणि नावांच्या जाड चिठ्ठ्या मागच्या बाजूला कोपऱ्यात चिकटवल्या. मी ते कागद घेऊन पुण्याहून सरळ जुन्नरला गेले. खालांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी एका कागदावर दुसरा ठेवला आणि खिडकीच्या उजेडात धरला. इथून वास सुरू होतो, ही बारीक टेकाडं, आणि हा शेवटचा उंच सुळका, हीच पाच. दोन सुळके एकमेकांवर असे बसले होते की रेघ एकच दिसत होती. टेकाडं कुठे जराशी कमी, कुठे जराशी जास्त.

खालांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं, पहिल्या टेकाडापासून सुळक्याच्या टोकापर्यंत आणि पुन्हा खाली.

“ह्यातली आईची कंची अन् तुझी कंची?” त्यांनी विचारलं.

मी दोन्ही कागद वेगळे करून पाहिले. एकदा हा, एकदा तो. खूप वेळ पाहिलं. आणि कागद उलटा करून नाव वाचल्याशिवाय मला ते सांगता येईना.

“ऱ्हाऊ दे,” खाला म्हणाल्या, “उलटू नगंस.” त्यांनी दोन्ही कागद तसेच एकावर एक घडी करून ट्रंकेत ठेवले, पुरचुंडी होती त्या जागी.

झाडं त्याच आठवड्यात कुंडलिकने टेम्पोतून जुन्नरला पोचवली. खालांनी एक अंगणात लावलं आणि बाकीची हिंडून हिंडून वाटली, जुन्नरच्या फुलवाल्यांना, घोडेगावच्या माहेरच्या गल्लीत, कुणाकुणाला. एकाच अंगणात ठेवलं की काय होतं ते मी बघितलंय म्हणाल्या. आज जुन्नर-आंबेगावात कुठे पाचेचा वास आला की मला वाटतं, यातली काही तरी खालांच्या आईचीच असणार, आणि मी मनातल्या मनात हात जोडते.

कागद दाखवले त्या दिवशी निघताना खालांनी विचारलं होतं की तुझ्या भुवाला काय देऊ. मी म्हणाले, ती काही घेत नाही. फुलं तोडलेली चालत नाहीत, अत्तर लावत नाही, बाहेरचं खात नाही. मग मुहपत्तीची गोष्ट सांगितली. खालांनी माप विचारून घेतलं. महिन्याभराने त्या स्वतः बोरीला आल्या आणि एक कागदी पुडकं भुवाच्या पुढ्यात ठेवलं. आत नव्या पांढऱ्या मलमलच्या बारा मुहपत्त्या, टाके इतके बारीक की दिसू नयेत. खालांनी आधीच सांगून टाकलं की कापड तीनदा उकळत्या पाण्यातून काढलंय. फक्त घरात सगळीकडे ओली फुलं, म्हणून शिवून झाल्यावर चार दिवस ट्रंकेत ठेवलं होतं.

त्या गेल्यावर भुवाने एक मुहपत्ती उचलून नाकाशी धरली आणि तशीच बसून राहिली. मलाही लांबून पाचेचा वास आला. आता हे सगळं पुन्हा धुणं आलं, म्हणून मी पातेल्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवलं. आमच्या घरात बाहेरून आलेली वस्तू न धुता वापरल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

“बंद कर तो गॅस,” भुवा म्हणाली. “दोन दिस ऱ्हाऊ दे तशीच.”

तिने ती मुहपत्ती तोंडावर बांधली, रेतीचं घड्याळ उलटं केलं आणि डोळे मिटले. मला वखारीत ढीगभर काम होतं. मी तिच्या शेजारी चटईवर बसले आणि रेती संपेपर्यंत एक अक्षर बोलले नाही.